तुळस, पुदिना, गवती चहा, ओवा: कापणीपासून बरणीपर्यंत सुगंधी तेलाचं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न साधारण तीन ठिकाणांहून येतात. एक-दोन एकरांत गवती चहा किंवा तुळस लावलेले शेतकरी, वाळवलेला पाला पाकिटांत भरून विकणारे बचत गट, आणि गच्चीवरच्या कुंडीतला पुदिना बरणीत टिकवू पाहणारी घरची मंडळी. उत्तरं शक्यतो तिघांच्याही कामाची आहेत. जिथे भट्टीवाल्याचं, म्हणजे वाफेने पाल्यातलं तेल काढणाऱ्याचं, गणित वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

झाडात तेल नेमकं कुठे असतं?

सुरुवात इथूनच करा, कारण पुढची बहुतेक उत्तरं यातूनच निघतात.

तुळशीचं पान उलटं करून दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली धरा. मागच्या बाजूला सोनेरी, चकचकीत ठिपके दिसतील. ते तेलाचे फुगे आहेत. पानाच्या कातडीवर बसलेले, वरून अगदी पातळ पापुद्रा. तुळशीजवळून जाताना पदर नुसता घासला तरी घमघमाट येतो तो हे फुगे फुटल्यामुळे. पुदिना, सब्जा, मरवा ही सगळी तुळशीच्याच कुळातली, त्यांचंही असंच.

गवती चहाला मात्र नुसता हात लावून फारसा वास येत नाही, पात चुरगाळावी लागते. त्याचं तेल पानाच्या आतल्या खास पेशींमध्ये असतं. ओवा, जिरे, धने, बडीशेप यांच्या दाण्याच्या सालीत बारीक नळ्या असतात, तेल त्या नळ्यांत. वाळ्याचं तेल मुळांत.

म्हणजे तुळस-पुदिन्याचा माल सर्वांत नाजूक, गवती चहा त्याहून दणकट, आणि अख्खा ओवा तर निसर्गानेच बंद डबीत भरून दिलेला. तिघांना एकाच पद्धतीने हाताळणं हीच सर्रास दिसणारी चूक.

कापणी कोणत्या वयाला करावी?

पिकागणिक उत्तर बदलतं.

तुळस आणि सब्जा फुलोऱ्यावर आले की कापायचे. मंजिऱ्यांत बी भरू लागलं की तेल घटायला लागतं, खालची पानं पिवळी पडून गळतात, आणि कापलेल्या मालात काड्याच जास्त येतात.

पुदिन्यात वयानुसार तेलाचं प्रमाणच नव्हे, तेलाची जातही बदलते. कोवळ्या पानात मेंथोन नावाचा घटक जास्त असतो, पान जून होत जातं तसं त्याचं मेंथॉल होत जातं. व्यापारी मेंथॉलवर भाव देतो, म्हणून घाईने कापलेला मेंथा (तेलासाठी लावतात तो पुदिना) वजनाला भरला तरी भावाला पडतो. उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या पट्ट्यात मे-जूनमध्ये, फुलं धरायला लागताना पहिली कापणी होते. तिकडे उशीर करण्याची भीती वेगळी असते: पावसाची एक जोरदार सर आली की पीक आडवं पडतं, पानं कुजून गळतात आणि हातात दांडे उरतात.

गवती चहाला आपल्याकडे फुलाची वाट पाहायची नसते. लागवडीनंतर तीन ते चार महिन्यांनी पहिली कापणी, मग साधारण दोन-अडीच महिन्यांनी पुढच्या. पात फार जून झाली, टोकं वाळली की वजन वाढतं, तेल त्या प्रमाणात वाढत नाही.

रोशा गवताचं मात्र नेमकं उलटं. खानदेशात, धुळे-नंदुरबारच्या डोंगरी भागात हे गवत रानोमाळ उगवायचं आणि त्याचं तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानपर्यंत जायचं, तिथे ते गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. या गवताचं सर्वांत जास्त तेल फुलोऱ्यात असतं, त्यामुळे ते पूर्ण फुलल्यावरच कापतात. गवती चहाच्या सवयीने रोशा लवकर कापला की निम्मं काम वाया.

सकाळी कापावं की दुपारी?

दंव उडाल्यानंतर, ऊन चढायच्या आत. ओला पाला ढिगात लगेच तापतो, भट्टीत जास्त इंधन खातो, वाळवायला घातला तर काळा पडतो. भर दुपारी कापलेल्या तुळशीची पानं हाताळतानाच मऊ पडतात आणि वरचं हलकं तेल उडायला लागतं.

पाऊस पडून गेला असेल तर दोन-तीन दिवस चांगलं ऊन मिळू द्या, मग कापा. ढगाळ हवेत कापलेल्या मालात तेलाचा उतारा कमी येतो, हा भट्टी चालवणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव आहे.

फुलांचे नियम वेगळे. गुलाब पहाटे तोडतात कारण दुपारपर्यंत त्याचं बरंच तेल उडून गेलेलं असतं. मोगरा-जाई तोडल्यानंतरही काही तास सुगंध तयार करत राहतात. इथे विषय पाल्याचा आहे, म्हणून एवढंच.

कापणीआधी शेतात काय पाहायचं?

तण. गवती चहात उभं असलेलं गाजर गवत कापणीत सोबत आलं तर भट्टीत तेही उकळणार आणि तेलाला उग्र, कडवट वास येणार. नंतर तो काढता येत नाही. भांगलणीचे पैसे वाचवून तेलाचा भाव घालवण्यात शहाणपण नाही. पाणी चार-आठ दिवस आधी तोडा. कापताना गवती चहाचा बुडखा जमिनीपासून १०-१५ सेंटीमीटर ठेवा. त्याखाली तेल जवळजवळ नसतंच, आणि फुटवेही चांगले येतात. तुळशीचे लाकडी झालेले खालचे दांडे घेऊ नका.

कापलेला माल लगेच भट्टीत घालायचा की सुकवून?

थोडा सुकवून. सुकवून म्हणजे कोमेजवून, खडखडीत वाळवून नव्हे.

ताज्या गवती चहात साधारण ७० टक्क्यांच्या वर पाणी असतं. ते घेऊन टाकी भरली तर टाकीत माल कमी बसतो आणि निम्मी वाफ ते पाणी तापवण्यातच खर्च होते. एक दिवस सावलीत पसरून ठेवला की त्याच टाकीत बराच जास्त माल बसतो, लाकूड वाचतं, आणि तेल पेशींच्या आत असल्यामुळे नुकसान फारसं होत नाही. पुदिनाही काही तास ते एक दिवस शेतातच कोमेजवतात.

तुळशीला इतकी मोकळीक नाही. चार-सहा तास सावलीत पातळ पसरून पाणी थोडं उतरलं की भरून टाका. रात्रभर गच्च बांधून ठेवलेली तुळस दुसऱ्या दिवशी भट्टीत घातली तर उतारा का घसरला हे विचारायला कुणाकडे जाण्याची गरज नाही.

आणि भट्टीत पाला पाण्यात बुडवून उकळू नका. जाळीवर ठेवा, खालून वाफ येऊ द्या. उकळत्या पाण्यात तेलातले काही घटक, विशेषतः गोड वासाची एस्टर, फुटतात, आणि तळाशी लागलेल्या पाल्याचा करपट वास तेलात उतरतो.

ढीग तापतो म्हणजे नेमकं काय बिघडतं?

कापलेलं पान मेलेलं नसतं. ते श्वास घेत राहतं आणि उष्णता सोडत राहतं. पसरलेलं असेल तर ती उष्णता निघून जाते. ट्रॉलीत दाबून भरलं, वर ताडपत्री ओढली, की ती आतच कोंडते. अशा ढिगात कोपरापर्यंत हात घालून पाहा. वरचा थर गार असतो, वीतभर खाली कोमट, आणि मधोमध हात ठेववत नाही. बाहेर काढलेली पानं ओलसर, तपकिरी, बोटाला चिकटणारी. वासाला तुळस नाही, आंबलेल्या चाऱ्यासारखं काहीतरी.

त्या उष्णतेत तेल उडतं, पानातली विकरं उरलेल्या तेलाचे घटक बदलतात आणि बुरशीला घर मिळतं. माल लांब न्यायचा असेल तर सैल भरा, ट्रॉली संध्याकाळी हाका, पोहोचल्याबरोबर पसरा. भट्टी तीन तासांत एक टाकी उतरवत असेल तर दिवसाला किती टाक्या होतात ते मोजून तेवढंच कापा. सगळं शेत एका दिवसात कापायची हौस महागात पडते.

वाळवायचं उन्हात की सावलीत?

पाला सावलीत, दाणे उन्हात, मुळं सावलीत. ढोबळमानाने हे पुरतं.

ओवा, जिरे, धने यांचं तेल सालीच्या आत बंद असतं, म्हणून सकाळचं कोवळं ऊन त्यांना फारसं काही करत नाही. तुळस-पुदिना उघड्या उन्हात घातला तर दुहेरी मार बसतो: पानाचा पृष्ठभाग हवेपेक्षा खूप जास्त तापतो आणि फुगे रिकामे होतात, शिवाय उन्हाने हिरवा रंगही पांढुरका पडतो.

सावली म्हणजे अंधारी, कोंदट खोली नव्हे. वारा खेळता हवा. जाळीच्या ट्रेवर पानांचा पातळ थर, जमिनीपासून वर, आणि ओढणीसारख्या पातळ कापडाने झाकलेला. पेपरवर पसरलात तर खालची बाजू ओली राहते आणि छपाईची शाई पाल्याला लागते.

कोकणात, पावसाळ्यात कसं वाळवायचं?

सावलीत नुसतं पसरून नाही वाळणार. जुलैत रत्नागिरी-सिंधुदुर्गात हवेतच इतका ओलावा असतो की पान आठ दिवस पडलं तरी लवचीकच राहतं, आणि पाचव्या दिवशी बुरशी धरते. गरम हवेचा ड्रायर किंवा ओलावा ओढून घेणारं यंत्र हवं.

माझं स्पष्ट मत असं की ज्या गटाकडे ड्रायर नाही त्याने पावसाळ्यातला पाला वाळवून विकण्याच्या फंदात पडू नये. ताजा विका, नाहीतर तेल काढा. वाळवणीचा माल ऑक्टोबरनंतरच्या कापणीतून येऊ द्या. बुरशीचा वास लागलेली तुळस एकदा ग्राहकाच्या चहात गेली की तो पुन्हा येत नाही.

ड्रायरचं तापमान किती ठेवावं?

तुळस, सब्जा, पुदिना, मरवा यांना ३५ ते ४० अंश सेल्सिअस. गवती चहा ४५ पर्यंत चालतो. यंत्र विकणारा ६० अंशांवर चार तासांत वाळवून दाखवेल. पान कुरकुरीत आणि हिरवंगार निघेल, पण चुरगाळून हुंगून पाहा.

पण युजेनॉल (तुळशीतला लवंगेच्या वासाचा घटक) तर २५४ अंशांना उकळतं. ते ४०-५० अंशांना कसं उडेल?

हा प्रश्न रसायनशास्त्र शिकलेली मुलं हमखास विचारतात आणि प्रश्न रास्त आहे. देवघरातला कापूर कुठे उकळतो? त्याचा उत्कलनबिंदू दोनशे अंशांच्या वर आहे, तरी डबीचं झाकण उघडं राहिलं की वडी झिजत जाते. उडायला उकळावं लागत नाही. आणि पानातून पाण्याची वाफ बाहेर पडताना ती तेलही सोबत ओढून नेते. तीनशे-चारशे पानांच्या ट्रेवरून तासन्‌तास गरम वारा वाहतो आहे आणि फुग्यांवर नुसता पापुद्रा आहे, हे ध्यानात घ्या.

महत्त्वाची गोष्ट ही की सगळं तेल सारख्या वेगाने उडत नाही. पायनीन सुमारे १५६ अंशांना उकळतं, लिमोनीन आणि सिनिओल १७६ च्या आसपास, लिनलूल १९८ ला. हे हलके घटक आधी जातात. मेंथॉल २१२, सिट्रल आणि जिरॅनिऑल २३० च्या आसपास, युजेनॉल सर्वांत शेवटी. त्यामुळे चुकीच्या तापमानाला वाळवलेल्या तुळशीत लवंगेचा जडपणा तेवढा राहतो आणि वरची ताजी, गार झुळूक निघून जाते. तेल कमी झालं एवढंच नसतं, ते वेगळं तेल झालेलं असतं.

हिरवागार रंग म्हणजे चांगलं तेल, असं समजावं का?

नाही. रंग हरितद्रव्याचा, वास तेलाचा. जास्त तापमानात झटपट वाळवलेला पाला रंग राखतो आणि तेल गमावतो. रंगावर भाव ठरवणारे खरेदीदार बाजारात आहेत, त्यांना तसा माल द्या हवं तर. पण काळसर, करड्या पाल्याला चांगला म्हणू नका, तो बहुतेक वेळा ढिगात तापलेला असतो.

वाळवल्यावर प्रयोगशाळेच्या रिपोर्टमध्ये तेलाचे टक्के वाढलेले दिसतात. म्हणजे वाळवल्याने तेल वाढतं?

टक्के वाढतात, तेल नाही. हा गोंधळ इतका पसरलेला आहे की आकड्यांनिशीच पाहू. आकडे समजावण्यासाठी सोपे घेतले आहेत.

समजा १०० किलो ताजी तुळस आहे, तिच्यात ८० टक्के पाणी आणि ०.४ टक्के तेल. म्हणजे तेल ४०० ग्रॅम, आणि पाणी सोडून बाकी माल २० किलो. आता ती १० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवली. वजन उरलं साधारण २२ किलो. एकही थेंब उडाला नसता तर वाळलेल्या मालात तेल १.८ टक्के दिसायला हवं. तुमचा रिपोर्ट म्हणतो १.२ टक्के. ०.४ चे १.२ झाले म्हणून आनंद होतो, पण २२ किलोवर १.२ टक्के म्हणजे २६५ ग्रॅमच. तिसरा हिस्सा तेल ड्रायरच्या धुराड्यातून गेलं.

म्हणून प्रयोगशाळेला कोरड्या वजनावर टक्के मागा, ताज्या आणि वाळलेल्या दोन्ही नमुन्यांचे. नाहीतर दोन आकड्यांची तुलनाच होऊ शकत नाही.

कोथिंबीर वाळवली की गवत होते, पण तमालपत्र वाळल्यावरच चांगलं लागतं. असं का?

कोथिंबिरीच्या पानाचा वास ज्या अल्डिहाइडांचा असतो ती फार नाजूक. वाळताना उडतात, हवेशी बिघडतात. उरतं ते हिरवं कुरकुरीत काहीतरी, भाजीवर टाकलं काय न टाकलं काय. त्याच झाडाच्या धन्यात लिनलूल असतं आणि ते सालीत बंद असतं, म्हणून धने वर्षभर टिकतात. एकाच झाडाची दोन तेलं, दोन नशिबं.

तमालपत्राचं पान जाड, चामड्यासारखं. पाणी सावकाश जातं, तेल आतच राहतं. ओरेगॅनो आणि थाइमही वाळवून चांगले राहतात. कढीपत्ता मधला: सावलीत नीट वाळवला तर चटणीला चालतो, फोडणीला ताज्याची सर नाही.

कोथिंबीर टिकवायचीच असेल तर चिरून बर्फाच्या ट्रेमध्ये थोड्या पाण्यासोबत गोठवा. पानं मऊ पडतील, पण वाटणात आणि आमटीत वास राहील.

ताजी तुळस किंवा सब्जाची पानं फ्रिजमध्ये ठेवू का?

कोथिंबीर, पुदिना खुशाल ठेवा. सब्जा मात्र उष्ण प्रदेशातलं झाड, आणि पिझ्झावर टाकतात ते इटालियन बेसिल त्याच जातीचं. १० अंशांच्या खाली त्याची पानं काळी पडतात, आणि फ्रिज तर चार-पाच अंशांवर असतो. तुळशीलाही थंडी सोसत नाही. जुडीचे देठ पाण्यात बुडवून ओट्यावर ठेवा, दोन-तीन दिवस निघतील.

पुरेसं वाळलं हे ओळखायचं कसं?

देठावरून. पान लवकर कुरकुरतं आणि फसवतं. देठ वाकवला तर कट्ट आवाज होऊन तुटला पाहिजे, नुसता वाकला तर आत पाणी आहे. ओलावा १० टक्क्यांच्या आसपास आला की थांबा. त्याहून जास्त वाळवत बसलात तर पानाचा भुगा होतो आणि भुग्याबरोबर तेलही जातं.

घरी आणखी एक तपासणी करता येते. वाळलेला पाला काचेच्या बरणीत भरून एक रात्र ठेवा. सकाळी काचेला आतून बाष्प दिसलं किंवा पान पुन्हा मऊ लागलं तर परत पसरा.

अख्खं ठेवावं की पावडर करून?

अख्खं. पावडर केली म्हणजे प्रत्येक फुगा, प्रत्येक नळी उघडली. अख्खे जिरे वर्ष-दोन वर्षं वास धरून राहतात, जिरेपूड दोन-तीन महिन्यांत मंदावते. तुळशीची पावडर त्याहून लवकर.

दळतानाही नुकसान होतं. पिठाच्या गिरणीतून गरमागरम बाहेर पडणाऱ्या मसाल्याचा वास अख्ख्या गल्लीला येतो आणि आपण खूश होतो. तो वास तुमच्या डब्यातून कमी झालेला असतो. डंकावर कांडलेला मसाला तुलनेने कमी तापतो. मोठ्या कारखान्यांत यासाठी द्रव नायट्रोजनने गार करत दळतात. घरी मिक्सर थांबवत थांबवत फिरवा, आणि लागेल तेवढंच करा.

वाळलेला पाला कशात साठवावा?

घरी: काचेची, घट्ट झाकणाची, काठोकाठ भरलेली बरणी, अंधाऱ्या कपाटात. गॅसच्या शेगडीच्या वरचं फडताळ ही घरातली सर्वांत वाईट जागा, आणि मसाल्याचे डबे नेमके तिथेच असतात.

विक्रीसाठी: आतून अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेली पाकिटं. साध्या पातळ प्लॅस्टिकमधून तेलाची वाफ बाहेर पडते. गोदामात वेगवेगळ्या प्लॅस्टिक पोत्यांत ठेवलेल्या पुदिन्याचा वास शेजारच्या तुळशीला लागतो तो यामुळेच. गोणपाट तर नकोच, ओलावा आत आणि तेल बाहेर.

गोदाम गार, कोरडं, पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून लांब. वाळलेल्या वनस्पतींना बारीक तपकिरी भुंगे लागतात, हळदीत आणि तंबाखूतही तेच असतात. पानांवर गोल भोकं आणि तळाला पीठ दिसलं तर ते आलेच समजा. पाला सहा महिने ते वर्षभरात संपवा.

जुनं झालेलं कधी चांगलंही असतं का?

असतं. वाळा आणि पाच. पाच म्हणजे परफ्यूमवाले जिला पॅचौली म्हणतात ती.

वाळ्याचं तेल जड रेणूंचं, सहजासहजी उडत नाही. म्हणून तर वाळ्याचे पडदे उन्हाळाभर पाणी मारूनही वास देत राहतात. लागवडीनंतर दीड वर्षाच्या आसपास मुळं खणतात, धुऊन सावलीत वाळवतात. भट्टीही लांबते: गवती चहा दोन-तीन तासांत उतरतो, वाळ्याला १८-२० तास आणि कधी त्याहून जास्त लागतात. घाईने चार तासांत भट्टी विझवली तर तेलाचा सर्वांत किमती, जड भाग मुळांतच राहतो. ताज्या तेलाला कच्चा, हिरवट वास असतो, तो महिन्यांनी मुरतो.

पाचेची पानं ताजी भट्टीत घालत नाहीत. वाळवून, काही काळ रचून ठेवून मग घालतात, त्याशिवाय तेल नीट सुटत नाही. तिच्या तेलाचा वासही वर्षागणिक मऊ होत जातो.

म्हणून "नैसर्गिक तेल जितकं जुनं तितकं चांगलं" असं कुणी गवती चहाच्या तेलाबद्दल सांगितलं तर होकार देऊ नका.

दवण्याचं काय?

दवण्याचे दोन बाजार आहेत आणि दोघांना वेगळा माल लागतो. चैत्रात जोतिबाला वाहायला जातो तो हिरवा, टवटवीत दवणा. तेलासाठी फुलं उमललेलं पीक लागतं, आणि ते सावलीत सुकवूनच भट्टीत जातं. कुठल्या गिऱ्हाइकासाठी पीक घेतोय हे पेरतानाच ठरवा.

काढलेलं तेल कसं साठवायचं?

आधी पाणी काढा. तेल निवू द्या, खाली बसलेलं पाणी सोडून द्या, मग निर्जल सोडियम सल्फेट टाकून हलवा आणि गाळून घ्या. धुकट दिसणारं तेल म्हणजे त्यात अजून पाणी आहे. कन्नौजचे अत्तरवाले हेच काम चामड्याच्या कुप्पीकडून करून घेतात, ओलावा चामड्यातून झिरपून जातो.

मग भांडं. गडद काच, स्टेनलेस स्टील किंवा अ‍ॅल्युमिनियम. लोखंडी डबा नको: युजेनॉल किंवा थायमॉल (ओव्याच्या वासाचा घटक) असलेलं तेल लोखंडाला लागलं की काळवंडतं. साधं प्लॅस्टिक नको, तेल त्यात शिरतं आणि ते मऊ पडतं. रबरी ड्रॉपर बाटलीला लावून ठेवू नका, रबर वितळून चिकट होतं.

भांडं काठोकाठ भरा. अर्ध्या भरलेल्या पाच लिटरच्या कॅनमध्ये अर्धी हवा असते, आणि तेलाचा खरा वैरी तीच. माल विकत जाल तसं उरलेलं तेल लहान बाटल्यांत ओता. मोठे व्यापारी वरच्या रिकाम्या जागेत नायट्रोजन भरतात. उजेड आणि उष्णता दोन्ही टाळा. तापमान दहा अंशांनी वाढलं की बिघाडाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. पत्र्याच्या शेडमधला मे महिना आठवा.

थंडीत बाटलीत खडे झाले. भेसळ आहे का?

पुदिन्याच्या किंवा ओव्याच्या तेलात झाले असतील तर बहुधा नाही. मेंथॉल ४२ अंशांच्या खाली घन असतं, थायमॉल ५० च्या खाली. तेल गार झालं की ते स्फटिक होऊन वेगळे पडतात. पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल म्हणून विकतात ते हेच. गंमत म्हणजे ही दोन्ही फुलं कापरासोबत बाटलीत घातली की तिन्ही मिळून पातळ होतात, अमृतधारा तशीच करतात. बाटली कोमट पाण्यात ठेवा, खडे विरघळतील.

तेल बिघडलं हे कसं कळतं?

गवती चहाचं तेल घट्ट होतं, रंग गडद होतो, लिंबाच्या वासाखाली एक ऑइलपेंटसारखा, टर्पेंटाइनसारखा उग्रपणा येतो. सिट्रल हवेशी संयोग पावतं आणि त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात. लिमोनीन आणि लिनलूल असलेल्या तेलांत पेरॉक्साइडं तयार होतात.

बिघडलेलं तेल फरशी पुसायच्या पाण्यात टाका. अंगाला लावू नका. ताज्या तेलाने न झालेली खाज, चट्टे जुन्या तेलाने होऊ शकतात, ती पेरॉक्साइडंच त्याला कारण असतात. ताजं तेलसुद्धा कधी थेट त्वचेला लावू नये, आणि घरगुती भट्टीचं तेल पोटात तर घेऊच नये.

भट्टीतून तेलासोबत निघणारं सुगंधी पाणी ठेवता येतं का?

येतं, पण ते तेल नव्हे. त्यात तेलाचा अंश किंचित, बाकी पाणी, आणि पाण्यात जंतू वाढतात. निर्जंतुक बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवा. पाण्यात तरंगते धागे दिसले की ओतून द्या.

तपासणीला नमुना कसा पाठवू?

कॅनच्या वरून ओतून नको. कॅन नीट हलवा, मग १० मिलिलिटरची गडद काचेची बाटली गळ्यापर्यंत भरा. एक प्रयोगशाळेला, त्याच वेळी भरलेली दुसरी तुमच्याकडे, सीलबंद. दोन्हीवर पीक आणि जात, कापणीची तारीख, किती तास सुकवलं, भट्टी किती वेळ चालली आणि टाकीत किती किलो माल होता हे लिहा. खरेदीदाराने तेल नापास ठरवलं तर तुमच्याकडची बाटली कामाला येते. आणि पुढच्या वर्षी उतारा का बदलला हे शोधायचं झालं तर त्या चिठ्ठीशिवाय दुसरा कागद तुमच्याजवळ नसतो.